बाईचा पाय रानात

रजेच्या अर्जात कारण म्हणून 'शिकार' लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शाळेचे खेळाचे सर. शिमगा झाला की त्यांचा एका दिवसाचा अर्ज ठरलेला. वहीच्या पानावर, ठळक अक्षरात: 'गावची पारध असल्याने उद्या शिकारीस जाणे आहे, तरी रजा मंजूर व्हावी.' हेडमास्तर कपाळाला हात लावायचे.

"अहो सर, कायदा आहे. रानडुक्कर मारणं गुन्हा आहे. हा कागद फाइलला लागतो. घरगुती कारण लिहा की."

"घरगुती न्हाय, गावकीचं हाय. खोटं कशाला लिवू?"

शेवटी हेडमास्तर स्वतःच्या हातानं दुसरा अर्ज लिहायचे, आणि सर त्यावर तोंड वाकडं करून सही ठोकायचे. हे मी नऊ वर्षं पाहिलं. दहाव्या वर्षी हेडमास्तरांनी अर्ज आधीच लिहून ठेवला होता.

शाळा पिरनवाडी ओलांडून खानापूरच्या रानाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. मी मराठी शिकवायचे. मूळची निपाणीची, नोकरीपायी बेळगावात, टिळकवाडीत खोली घेऊन राहिलेली, रोज बसनं येऊन-जाऊन करणारी. सर त्याच गावचे. भाताची शेती, दोन मुलगे, दोन कुत्री. कुत्र्यांची नावं 'इन्स्पेक्टर' आणि 'डेप्युटी'. शाळा तपासायला खरेखुरे साहेब आले, की सर फाटकात उभे राहून मोठ्यानं हाक मारायचे, "इन्स्पेक्टर, भाईर हो!" साहेब दचकायचे. सरांच्या चेहऱ्यावर हसू नसायचं, म्हणून कुणाला काही बोलता यायचं नाही.

खुर्चीवर बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. टेबलाच्या कडेला टेकायचे, नाहीतर उभे. भाकरी चटणी घालून दुमडायची आणि चालत चालत खायची. पोरांना त्यांनी कधी छडी मारली नाही. त्यांची शिक्षा वेगळीच होती. मस्ती करणाऱ्या पोराला मैदानाच्या मधोमध डोळे मिटून उभं करायचे. "किती आवाज आलं, मोज." एकदा एका पोरानं अर्धा तास उभं राहून सांगितलं, अकरा. सर म्हणाले, "बारा. बाईंच्या बांगड्या राहिल्या." मी व्हरांड्यात उभी होते. त्यानंतर कित्येक दिवस मी शाळेत हात हलवताना विचार करायचे.

पारधीचं जाळं त्यांच्या घरात असायचं. अंबाडीच्या दोरीचं, त्यांच्या आज्यानं विणलेलं, माणसाच्या छातीइतकं उंच. पारधीच्या दिवशी सगळे बाप्ये डोंगराला जायचे, नाल्याच्या तोंडाला जाळं लावायचे, आणि वरून हाका घालत डुक्कर खाली आणायचे. पहिला वाटा देवाला, दुसरा जाळ्याच्या घराला. त्या दिवशी गावातल्या बायकांनी माळावर पाऊल टाकायचं नाही, आणि जाळं ओलांडायचं तर कधीच नाही. हे मला सरांनीच सांगितलं, आणि त्याला जोडून त्यांच्या आज्याचं वाक्य:

"बाईचा पाय रानात, सावज दुसऱ्या गावात."

हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे, की आम्ही ऐकायचं सोडून दिलं होतं. सगळ्यांनी नीट ऐकलं ते एकदाच, रेणुका आली त्या दुपारी.

रेणुका आमचीच विद्यार्थिनी. दहावी होऊन गेली, पुढं पीयूसी, म्हणजे बारावी, झाली, आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू झाली. पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले होते. बापाशी भांडून तिनं एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मांडवात. मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत आली आणि सरांपुढं उभी राहिली. फॉरेस्ट गार्डची भरती निघाली होती. पळणं, उडी, गोळाफेक, सगळ्याची परीक्षा. "सर, मला शिकवा."

सरांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि आज्याचं वाक्य म्हटलं.

ती दोघं सोडून खोलीत आम्ही पाच माणसं होतो, आणि पाचांची पाच तोंडं. हेडमास्तर हसले, ते सरांच्या सगळ्याच बोलण्याला हसायचे, भांडण टळतं म्हणून. विज्ञानाच्या नव्या बाई उसळल्या. "हे वाक्य तुम्ही मागं घ्या. एका मुलीसमोर असं बोलणं शोभतं का? मी लेखी तक्रार करीन." त्यांनी खरोखर कागद ओढला. कन्नडचे सर चिकोडीकडचे, दोन्ही भाषांत घोळलेले. त्यांनी डोळे मिटून ते वाक्य कन्नडात करून पाहिलं आणि मान हलवली. "जमेना. कन्नडात नुसतं शहाणपण उरतं, मजा जाते." शिपाई आक्का कप गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "खरंच हाय की. आमी रानात गेलो तर भाकरी कोण थापणार? सावजाचं सोडा, नवराच दुसऱ्या गावाला जाईल." आणि पदर तोंडाला लावून खदखदल्या.

मी काय केलं? मी वह्या तपासत होते. तपासत राहिले.

रेणुका तेवढी हसली नाही आणि चिडलीही नाही. जरा विचार करून तिनं विचारलं, "सर, खरंच जातंय सावज?"

"जातंय म्हंजे? पन्नास वर्सं बघतोय."

"मग फॉरेस्टात सगळ्या बायकाच घ्याय पायजेत की. सावज वाचवायचंच काम हाय ते."

सरांनी कपबशी पुन्हा उचलली. चहावर साय धरली होती, ती बोटानं बाजूला केली. मग म्हणाले, "उद्या साडेपाचला मैदानात ये. चपला घालून येशील तर परत पाठवीन."

विज्ञानाच्या बाईंनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. ती तक्रार पुढं कधी गेली नाही.

सहा महिने सरांनी तिला पळवलं. कौतुकाचा शब्द नाही. ती पडली तर म्हणायचे, "ऊठ, जमीन काय पळून जात न्हाय, तूच पळायचीस." आठशे मीटर पळून ती धापा टाकत असताना ते तेच वाक्य पुन्हा ऐकवायचे, आणि ती म्हणायची, "व्हय सर, म्हणूनच पळतोय." तिची निवड झाली. पेढे घेऊन आली तेव्हा सरांनी पेढा 'डेप्युटी'ला घातला आणि स्वतः मैदानाला पाणी मारायला निघून गेले. आक्का म्हणाल्या, डोळं पुसायला गेलं असत्याल. मला नाही वाटत. ते खरंच पाणी मारत होते, मी पाहिलं.

त्यांच्याशी माझं भांडण झालं ते निराळ्याच कारणानं. एकदा ते पारधीच्या वाट्यांचं सांगत बसले. जाळ्याला किती, भाल्याला किती, कुत्र्याला किती. मी विचारलं, "आणि हाका घालणाऱ्यांना?"

"त्यास्नी शेवटाला."

"माझे आजोबा निपाणीकडच्या एका खेड्यात हाका घालायचे सर. आमच्या आळीतले सगळेच. दिवसभर काट्यातून ओरडत पळायचे. तुमच्या शिकारीत बाई चालत नव्हती आणि माझा आजा चालत होता, पण ओरडण्यापुरता. वाटा दारात यायचा, तोही लांबून टाकलेला."

इतकी वर्षं शेजारी बसून मी हे कधी बोलले नव्हते. माझा आवाज चढला होता. सर टेबलावरून उतरले आणि माझ्यासमोर सरळ उभे राहिले.

"आमच्याकडंबी तसंच हुतं बाई. म्याबी लांबनंच टाकलाय, पोर हुतो तवा. ते चूक हुतं. त्यात काय शहाणपण नव्हतं, नुसता माज हुता."

मला वाटलं नव्हतं ते इतकं सरळ कबूल करतील. म्हणून मी घाई केली. "मग बाईचं?"

"ते येगळं. त्यात अनुभव हाय."

आता अशा माणसाचं करायचं काय? एका दारानं आत घ्यावा तर दुसऱ्या दारानं बाहेर जातो.

सर निवृत्त झाले. दोन वर्षांनी रेणुकाची बदली होऊन आली आणि गावामागचा डोंगर तिच्याच हद्दीत आला. नोकरी अजून कच्ची होती, प्रोबेशन संपायला वर्ष-दीड वर्ष होतं. शिमग्याच्या आधी ती टिळकवाडीत माझ्या खोलीवर आली. खाकी गणवेशात, टोपी हातात. पाणीसुद्धा न पिता बोलायला लागली.

"बाई, सरांच्या घरी जाऊन आलो. म्हटलं, सर, यंदा जाळं काढू नगा. वर सायबांना सगळं ठाऊक झालंय. मागल्या पारधीचा व्हिडिओ फिरतोय मोबाइलवर. यंदा पारध झाली आन् मी केस केली न्हाय, तर घरी पाठवतील मला."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, पारध देवाची हाय, माझ्या हातात न्हाय. मी म्हटलं, मग माझ्याबी हातात न्हाय." तिनं हातातली टोपी उलटी केली. "केस केली तर बाबाच्या भातलावणीला गावातलं एक माणूस येणार न्हाय. आन् सरांवर केस... बाई, मी कुणामुळं हाय हितं?"

मी तिला चहा करून दिला आणि म्हटलं, नियमाप्रमाणं कर. याहून पोकळ सल्ला देता आला नसता. ती गेल्यावर मला माझीच लाज वाटली, पण तिला हाक मारून परत बोलावलं नाही.

पारधीच्या दिवशी मी शाळेत होते, दहावीच्या पोरांचे जादा तास चालू होते. अकराच्या सुमारास वनखात्याचा वॉचर सायकल टाकून पळत आला. "बाई, मॅडमनी बोलावलंय. पंच मिळंनात." इकडं पंचनाम्याला महजर म्हणतात, त्यावर दोन पंचांच्या सह्या लागतात, नाहीतर तो कागद म्हणजे रद्दी. आक्का मागून म्हणाल्या, "चला, मीबी येतो." त्यांचा नवरा जाळ्यावर होता, हे मला वाटेत कळलं.

नाल्याच्या तोंडाला चाळीसेक बाप्ये उभे होते. खुट्ट्या मारून जाळं ताणलेलं, आणि जाळ्याच्या अलीकडं रेणुका. ती वरच्या वाटेनं आली होती आणि थांबवायला म्हणून थेट जाळं दाबून, ओलांडून बाप्यांच्या मधोमध उभी राहिली होती. सरांचा धाकटा मुलगा सगळ्यांत जोरात ओरडत होता. "जाळं बाटवलंस! आमच्या आज्याचं जाळं! पगार खाऊन गावावर उलटलीस व्हय गं?" कुणीतरी तिच्या बापाचं नाव घेऊन शिवी दिली. ती महजर लिहीत होती. लिहिता लिहिता पेन दोनदा अडकलं, पण ती थांबली नाही.

सर एका दगडाशेजारी उभे होते. मुलाला एकदाच म्हणाले, "तोंड आवर." तो आवरला नाही.

महजर कन्नडात होता. सरांनी माझ्याकडं बघून म्हटलं, "वाचा बाई. काय लिवलंय सगळ्यास्नी ऐकू तर दे."

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. जागा, वेळ, जाळं एक, खुट्ट्या चौदा. आरोपी क्रमांक एक, सरांचं नाव. वय साठ, निवृत्त शिक्षक.

"बासष्ट," सर म्हणाले. रेणुकानं खोडून बासष्ट केलं.

मग कागद माझ्यापुढं आला. खरं सांगते, माझा हात पुढं होईना. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं चहा प्यायले होते. मला वाटलं, मी बेळगावची, गावाच्या भांडणात कशाला? सगळे माझ्याकडं बघत होते. चाळीस बाप्ये, आणि ती पोरगी. तिच्या डोळ्यांत विनंती नव्हती. भीती होती, आणि ती तिला लपवता येत नव्हती.

सर दोन पावलं पुढं आले. हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"सही करा बाई. पोरीची नोकरी कच्ची हाय."

मी सही केली. खाली आक्कांनी केली, मोठ्या मोठ्या अक्षरात, नवऱ्याकडं पाठ करून. सही करून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "आता रात्रीची भाकरी त्यानंच थापावी."

खटल्याच्या तारखा पडायला लागल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाकडं. त्यावर आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार आम्ही एका ओळीत. म्हणजे रेणुका आणि मी बसायचो, सर अर्थातच उभे. भाकरी मात्र तिघांना पुरेल इतकी आणायचे. रेणुका पहिल्या तारखेला खाईना. सर म्हणाले, "खा. लाच न्हाय ही, तिळाची चटणी हाय."

सरांचा वकील हुशार होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही म्हणा, सही टिळकवाडीत घरी घेतली, जागेवर मी नव्हते. केस उडते." सरांना म्हणाला, "तुम्ही म्हणा जाळं वाळत घातलं होतं."

"नाल्यात? खुट्ट्या मारून?"

"म्हणायचं हो नुसतं."

"आन् बाई तिथं हुत्या. मी स्वता त्यास्नी सही करा म्हटलंय. आता त्यांनी तिथं न्हवते म्हणायचं, मी त्यास्नी बघितलं न्हाय म्हणायचं, मग ह्या पोरीनं काय सपान बघून महजर लिवला व्हय? तिला घरी धाडायचा धंदा हाय हा. तुमची फी घ्या आन् बसा."

सर उभे राहिले ते थेट मॅजिस्ट्रेटपुढं. मॅजिस्ट्रेटना मराठी चांगलं कळत होतं, पण ते कन्नडात विचारायचे. सरांना कन्नड चांगलं कळत होतं, पण ते मराठीत उत्तर द्यायचे. काही अडलं नाही. गुन्हा कबूल आहे का? कबूल. जाळं कुणाचं? माझं. कुणी भरीस घातलं? कुणी न्हाय. त्या दिवशी प्राणी सापडला का?

"न्हाय साहेब," सर म्हणाले. "सापडंल कसा? ही आलती न्हवं."

आणि त्यांनी आज्याचं वाक्य सगळ्या कोर्टाला ऐकवलं. कारकुनाचा हात थांबला. हे नोंदवायचं की नाही, त्याला कळेना. सरकारी वकील बाई होत्या, त्यांनी ओठ घट्ट मिटले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मॅजिस्ट्रेट चष्मा पुसत राहिले. रेणुका लालबुंद झाली. मला राग आला, आणि रागासकट हसू आलं. ह्या माणसानं स्वतःला गुन्हेगार ठरवून घेतलं, पण आज्याला खोटं पडू दिलं नाही.

जाळं सरकारजमा झालं, सरांनी दंड भरला. वर्षाच्या आत प्रकरण मिटलं, कारण आरोपीलाच ते मिटवायचं होतं. गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते वेगळं. देवळात गेले तरी शेजारचा माणूस उठून जायचा. ते मला म्हणाले, "बरं झालं, जागा ऐसपैस झाली." एवढंच. पण त्यांच्या गालाची हाडं वर आली होती.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर रेणुका त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. माफी मागेल असं मला वाटलं. तिनं मागितली नाही.

"सर, पुढल्या शिमग्याला मी परत येणार."

"ये की. तुझं कामच हाय." सरांनी तिला आपादमस्तक पाहिलं, मैदानात पाहायचे तसं. "पण वरनं येऊ नगंस. त्या दिवशी वरनं आलीस, तुझ्या बुटाखालचा पाला आमाला कवाच ऐकू आलता. चार पोरं भालं घिऊन पळाली, तुझ्या महजरात त्यांची नावंच न्हाईत. नाल्यानं ये. बूट काढून, पाण्यातनं. आन् जाळ्यापशी आल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय."

ती ऐकत होती. वहीत लिहून घ्यावं तसं ऐकत होती.

पुढच्या शिमग्याला ती नाल्यानं आली. जाळं नवीन होतं, नायलॉनचं, आणि खुट्टी ठोकत वाकलेला माणूस होता सरांचा धाकटा मुलगा. कुणालाही पळायला वेळ मिळाला नाही. मी तेव्हा आईच्या आजारपणात निपाणीला होते, आक्का लेकीकडं गेलेल्या. हे सगळं रेणुकानंच मला नंतर सांगितलं. महजर लिहून झाला, आणि पंच मिळेना. तासभर ती कागद धरून उभी राहिली. एकेक माणूस तोंड फिरवून जात होता. मग सर घरातून चालत आले. मुलगा म्हणाला, "आप्पा, तुमी तरी सांगा हिला." त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. रेणुकाच्या हातातून पेन घेतलं, आणि पंच क्रमांक एकच्या जागी सही केली.